फाल्गुनातील पाणी आणि मासे : खानदेशातील नद्या व जलाशयांतील वसंतारंभीची मासेमारी

प्रास्ताविक

गोड्या पाण्यातील मासेमारीचा विचार ऋतू, पाणी आणि मासा या तीन घटकांच्या परस्परसंबंधांतून करावा लागतो. यांपैकी एक घटक बदलला की उरलेल्या दोहोंचा अर्थही बदलतो. वसंत ऋतूच्या आरंभीची मासेमारी हे याचे बोलके उदाहरण होय. युरोप व अमेरिकेतील थंड नद्या आणि भारतातील काश्मीर व हिमाचल प्रदेशातील पर्वतीय प्रवाह येथे ट्राउट या माशाची मासेमारी वसंतारंभी सुरू होते. बर्फ वितळू लागते, पाणी हळूहळू ऊबदार होते, प्रवाहाच्या तळाशी वाढलेले कीटक पृष्ठभागावर येऊन पंख पसरतात आणि हिवाळाभर मंदावलेला मासा पुन्हा खाऊ लागतो. पिसे व दोरा बांधून तयार केलेली कृत्रिम माशी गळाला लावून केली जाणारी ट्राउटची शिकार याच घडामोडींवर आधारलेली आहे. हिमाचल प्रदेशात ट्राउटच्या पाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मासेमारीस बंदी असते व मार्चपासून ती खुली होते.

त्याच मार्च महिन्यात जळगाव व धुळे जिल्ह्यांतील चित्र नेमके उलट असते. येथे वितळण्यास बर्फ नाही. पावसाळ्यात साठलेले पाणी ओसरत असते, नद्यांचे प्रवाह तुटून डोह वेगळे पडत असतात आणि जलाशयांचा काठ दररोज आत सरकत असतो. माशांच्या दृष्टीने हा काळ आकुंचनाचा असतो, तर मच्छीमाराच्या दृष्टीने तो चांगल्या मिळकतीचा असतो. या दोन बाजूंमधील ताण समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वसंतारंभी पाण्यात कोणते भौतिक बदल होतात, माशांवर त्यांचा काय परिणाम होतो आणि या काळात घेतलेल्या निर्णयांवर पुढील पावसाळ्यातील मत्स्यसंपदा कशी अवलंबून असते, याचे विवेचन येथे केले आहे.

१. भौगोलिक पार्श्वभूमी

खानदेशाचा जलव्यवहार तापी नदीभोवती गुंफलेला आहे. मध्य प्रदेशातील बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ उगम पावणारी ही नदी सुमारे ७२४ किलोमीटरचा प्रवास करून सुरतजवळ अरबी समुद्रास मिळते. चांगदेव येथे पूर्णा नदी तिला येऊन मिळते. त्यापुढे दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा व बुराई या, तर उत्तरेकडील सातपुड्यातून सुकी, मोर, अनेर, अरुणावती इत्यादी नद्या तिच्यात येऊन मिळतात.

या नद्यांवर गेल्या काही दशकांत अनेक धरणे उभी राहिली. गिरणेवर नांदगाव तालुक्यात १९६९ साली पूर्ण झालेले गिरणा धरण, तापीवर भुसावळजवळ १९८२ साली पूर्ण झालेले ४१ दरवाजांचे हतनूर धरण, वाघूर, अनेर, मन्याड व बोरी हे प्रकल्प, साक्री तालुक्यातील पांझरेवरील अक्कलपाडा प्रकल्प आणि तापीवरील सुलवाडे, सारंगखेडा व प्रकाशा येथील बॅरेजेस यांमुळे वाहत्या नदीचे रूपांतर मोठ्या प्रमाणात साठवलेल्या पाण्याच्या साखळीत झाले आहे. यापूर्वीची व्यवस्था म्हणजे पांझरा व तिच्या शेजारच्या नद्यांवरील फड पद्धतीचे बंधारे. शेकडो वर्षांपासून चालत आलेल्या या बंधाऱ्यांनी शेतीला पाणी दिले. शिवाय बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस साचलेल्या पाण्यात माशांनाही आसरा मिळाला.

हवामानाच्या दृष्टीने हा प्रदेश टोकाचा आहे. जानेवारीत थंडीच्या लाटेत धुळे व जळगाव येथील किमान तापमान एक आकडी होते, तर मे महिन्यात कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, असे लोक म्हणतात. माशांच्या जीवनातही हाच संक्रमणाचा काळ होय. फेब्रुवारीच्या आरंभी थंड असलेले पाणी मार्चअखेरपर्यंत झपाट्याने तापते आणि हे तापणे व आटणे एकाच वेळी घडते.

२. तापमान, प्राणवायू आणि माशाची भूक

मासा हा शीतरक्ताचा प्राणी आहे. त्याच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याप्रमाणे बदलते आणि त्यानुसार त्याचे पचन, हालचाल व भूक यांचा वेग ठरतो. स्थूलमानाने असे म्हणता येते की, सहनशक्तीच्या मर्यादेत पाण्याचे तापमान दहा अंशांनी वाढले, तर माशाच्या शरीरातील चयापचयाचा वेग सुमारे दुप्पट होतो.

ट्राउट साधारणतः १० ते १६ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात उत्तम खातो. पाणी वीस अंशांच्या पुढे तापले की त्याच्यावर ताण येऊ लागतो. म्हणूनच काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास आणि निलगिरीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा परदेशी मासा रुजला, पण दख्खनच्या सखल नद्यांत त्याला स्थान मिळणे शक्य नव्हते. याउलट कटला, रोहू व मृगळ हे कार्प जातीचे मासे साधारण २५ ते ३० अंश तापमानात जोमाने वाढतात व अठरा-वीस अंशांखाली त्यांची भूक मंदावते. त्यामुळे जानेवारीत सुस्त असलेला रोहू फाल्गुनात पुन्हा चरू लागतो. येथपर्यंत ट्राउटचा वसंत व रोहूचा वसंत यांत साम्य आहे. मात्र पुढे त्यांचे मार्ग वेगळे होतात, कारण पाणी तापले की त्यात विरघळून राहणारा प्राणवायू कमी होतो.

समुद्रसपाटीवरील दाबाखाली स्वच्छ पाण्यात १० अंशांस दर लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम, २० अंशांस सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांस सुमारे ७.५ मिलिग्रॅम इतकाच प्राणवायू विरघळून राहू शकतो. म्हणजे तापमानाबरोबर माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि नेमक्या त्याच वेळी पाण्याची तो धारण करण्याची क्षमता घटते. कार्प माशांच्या चांगल्या वाढीसाठी दर लिटरमागे ५ मिलिग्रॅम वा त्याहून अधिक प्राणवायू असावा लागतो. ही मात्रा तीनच्या खाली गेली की मासा खाणे टाळतो व त्याची रोगप्रतिकारशक्ती क्षीण होते.

प्राणवायूचे प्रमाण दिवसाच्या वेळेनुसारही बदलते. दिवसा शेवाळ व पाणवनस्पती प्रकाशसंश्लेषणाद्वारे प्राणवायू निर्माण करतात. रात्री निर्मिती थांबते, परंतु वनस्पती, मासे व तळाचा कुजणारा गाळ यांचे श्वसन सुरूच असते. परिणामी सूर्योदयापूर्वी प्राणवायू सर्वांत कमी, तर दुपारनंतर सर्वांत जास्त असतो. हिरवट झालेल्या डोहात पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडमीट करताना दिसतात. अनेकदा मासे विपुल असल्याचे हे लक्षण मानले जाते. वस्तुतः ते श्वास घेण्याची धडपड करीत असतात. अशा डोहात सकाळी जाळे टाकल्यास मासे सहज सापडतात, पण तो डोह संकटात असल्याची ती खूण असते.

३. नद्यांची तीन रूपे

वसंतारंभी खानदेशातील सर्व नद्या सारख्या नसतात. मासेमारीच्या दृष्टीने त्यांचे तीन गट करता येतात.

अ) तापीचे मुख्य पात्र : गाळाच्या मैदानातून वाहणाऱ्या या पात्रात धरणे व बॅरेजेस यांच्यामागे संथ व खोल पाणी टिकून असते. दोन अडथळ्यांच्या मधल्या भागात प्रवाह क्षीण होऊन वाळूचे पट्टे उघडे पडतात व तेथे टरबूज-खरबुजाच्या वाड्या लागतात. खोल भागात कटला, रोहू, मृगळ, शिंगाळा व वाम यांचा वावर असतो. माशांच्या स्थलांतराच्या दृष्टीने मात्र ही नदी खंडित झाली आहे. गुजरातमधील काकरापार (१९५४) व उकाई (१९७२) येथील बांधकामांनी समुद्राकडून वर येण्याची वाट रोखली, तर वरच्या बाजूच्या बॅरेजेसनी उरलेल्या पात्राचे तुकडे केले. पूर्वी एखादा डोह आटू लागला की मासा प्रवाहाबरोबर खाली वा वर सरकत असे. आता तो जेथे आहे तेथेच त्याला उन्हाळा काढावा लागतो.

आ) दक्षिणेकडील उपनद्या : गिरणा, पांझरा व बोरी या नद्या सह्याद्री व त्याच्या फाट्यांतून येतात. हिवाळ्याच्या अखेरीस त्यांचा नैसर्गिक प्रवाह क्षीण होतो. यानंतर पात्रात पाणी केव्हा येणार हे धरणातून सोडल्या जाणाऱ्या आवर्तनावर ठरते. पिण्यासाठी वा सिंचनासाठी सोडलेले पाणी कोरड्या पात्रातून धावते तेव्हा त्याच्या अग्रभागी पालापाचोळा, धूळ व साचलेले सांडपाणी ढकलले जाते. त्यातील सेंद्रिय द्रव्य प्राणवायू शोषून घेते. त्यामुळे आवर्तनाच्या पहिल्या लोंढ्यात डोहातील मासे गुदमरू शकतात. पुढील पाणी स्वच्छ असते. त्याबरोबर मासे खालच्या पात्रात पसरतात. मात्र आवर्तन बंद झाले की हेच मासे उथळ डबक्यांत अडकतात आणि उन्हाने वा माणसाच्या हाताने संपतात. बर्फाळ प्रदेशातील नदीत वितळलेल्या बर्फाचे पाणी आठवडेच्या आठवडे येत राहते. आवर्तनाचे पाणी मात्र ठरलेल्या दिवसापुरते असते. दोन्ही ठिकाणी वसंतात नदी वाहताना दिसते, पण माशाच्या दृष्टीने या दोन प्रवाहांत मोठा भेद आहे.

इ) सातपुड्यातील प्रवाह : सुकी, मोर, अनेर, अरुणावती या नद्या आखूड, तीव्र उताराच्या व गोटे-खडकांच्या पात्राच्या आहेत. डोंगर संपून मैदान सुरू होते तेथे दगडगोट्यांचा सच्छिद्र पट्टा लागतो, ज्याला भूगोलात ‘बजाडा’ म्हणतात. या पट्ट्यात नदीचे पाणी जमिनीत मुरते. त्यामुळे डोंगरात वाहणारा प्रवाह पायथ्याशी दिसेनासा होतो. केळीच्या पट्ट्यातील भूजलाचा वाढता उपसा या भागातील नद्यांच्या उन्हाळी पाण्यावर आणखी भार टाकतो. सावलीतले, खडकाळ तळाचे डोह हे या प्रवाहांचे वैशिष्ट्य होय. ट्राउटच्या प्रवाहाशी काही साम्य सांगता येईल असे खानदेशातील पाणी म्हणजे हेच. तापी-नर्मदा खोऱ्यांतील महाशीर या माशाला असेच स्वच्छ, प्राणवायूने समृद्ध व गोटे असलेले पाणी मानवते. महाशीरविषयी महाराष्ट्रात झालेले महत्त्वाचे काम लोणावळ्याजवळील वळवण येथे १९७० च्या दशकापासून टाटांच्या वीज कंपनीने चालविलेल्या बीजोत्पादन केंद्राचे आहे. केंद्रात पिल्ले तयार करता येतात. परंतु ती सोडण्यासाठी बारमाही डोह नदीतच असावे लागतात.

४. जलाशयांतील परिस्थिती

जलाशयाच्या पाण्याचे उभे स्वरूप समजण्यासाठी घनतेचा नियम उपयोगी पडतो. पाणी चार अंशांस सर्वांत जड असते व तापत जाते तसे हलके होते. मात्र हा बदल सर्व तापमानांवर सारखा नसतो. चार ते पाच अंशांदरम्यान घनतेत पडणारा फरक नगण्य असतो, तर २९ ते ३० अंशांदरम्यान तो त्याच्या तीसपटींहून अधिक असतो. म्हणून उष्ण प्रदेशात वरचे पाणी खालच्या पाण्यापेक्षा दोन-तीन अंशांनीच तापले, तरी दोन थर एकमेकांत मिसळण्यास विरोध करतात.

फेब्रुवारीत रात्री थंड असल्याने वरचे पाणी थंड होऊन खाली जाते व पाणी वरपासून तळापर्यंत बरेचसे एकजीव राहते. या काळात मासे विविध खोलींवर विखुरलेले असतात. मार्चच्या मध्यानंतर दुपारी वरचा थर तापतो. जेथे पाणी खोल व वारा कमी तेथे तळाचा थर वरच्या थरापासून तुटतो आणि तेथील प्राणवायू घटू लागतो. मग मासा अगदी तळाशीही राहत नाही व तापलेल्या पृष्ठभागावरही येत नाही, तर मधल्या पट्ट्यात थांबतो. पहाटे व सायंकाळी तो काठाकडे चरण्यास येतो. उथळ व वाऱ्याच्या माऱ्यात असलेल्या जलाशयांत असे थर फार काळ टिकत नाहीत, परंतु तेथे गाळ ढवळून पाणी गढूळ होते.

तापीच्या पुराबरोबर येणाऱ्या गाळाची हतनूर जलाशयात मोठ्या प्रमाणावर साठवण झाली आहे. गाळ साचला की एकूण पाणी तर घटतेच, शिवाय उन्हाळ्यात माशांना आधार देणारी खोलीही घटते. पाणी मागे सरकल्यावर उघड्या पडणाऱ्या सुपीक बुडीत जमिनीवर घेतल्या जाणाऱ्या गाळपेराचाही येथे विचार करावा लागतो. गाळपेर हा अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचा भाग आहे. मात्र या जमिनीवर टाकलेली खते व कीटकनाशके पुढील पावसात थेट जलाशयात उतरतात आणि तेथील शेवाळाची वाढ व माशांच्या पिल्लांचे आरोग्य यांवर त्यांचा परिणाम होऊ शकतो.

याखेरीज अवकाळी पाऊस व गारपीट हा वसंतातील अनिश्चित घटक आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या व्यापक गारपिटीने शेतीचे मोठे नुकसान केले. अशा घटनांत पाण्याचे तापमान एकाएकी उतरते, नाल्यांतून गढूळ पाणी येते आणि मासे काही दिवस खाणे थांबवतात.

५. प्रजननचक्र : मूळ भेद

वसंतारंभीच्या मासेमारीचा खरा अर्थ माशाच्या प्रजननचक्रात दडलेला आहे. ट्राउट शरद ऋतूच्या अखेरीस व हिवाळ्यात अंडी घालतो. हिमाचलातील नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही बंदी त्यासाठीच आहे. मार्चमध्ये मासेमारी खुली होते तेव्हा त्याचे प्रजनन आटोपलेले असते.

कटला, रोहू व मृगळ यांचे चक्र मोसमी पावसाशी बांधलेले आहे. ते जुलै-ऑगस्टमध्ये पुराच्या पाण्यात अंडी घालतात. त्याची तयारी मात्र फेब्रुवारी ते एप्रिल या काळात सुरू होते. मादीच्या अंडाशयात अंडी भरू लागतात व त्यासाठी तिला भरपूर अन्न आणि प्राणवायू लागतो. रोहूची मादी आपल्या वजनाच्या दर किलोमागे साधारण दोन लाख वा त्याहून अधिक अंडी देते. म्हणजेच फाल्गुनात बाजारात गेलेली चार किलोची एक मादी ही आषाढातील कित्येक लाख अंड्यांची वजाबाकी असते. हिमालयात वसंतातील मासा प्रजननानंतरचा असतो. खानदेशात त्याच महिन्यात जाळ्यात येणारा मासा प्रजननाची तयारी करीत असतो. त्यामुळे मासेमारीचे दिनमान एका प्रदेशातून उचलून दुसऱ्या प्रदेशास लावता येत नाही.

सर्वच जातींना हा नियम सारखा लागू होत नाही. सायप्रिनस हा बाहेरून आणलेला कार्प वसंतातही अंडी घालतो व ती काठालगतच्या पाणवनस्पतींना चिकटवतो. याच काळात सिंचनासाठी पाणी सोडल्याने काठ मागे सरकला तर ती अंडी उघडी पडून वाळून जातात. तिलापियाची रीत निराळी आहे. त्याचा नर उथळ तळाशी खळगा करतो, पण अंडी फलित झाली की मादी ती आपल्या तोंडात घेऊन फिरते. पाणी मागे सरकले तरी तिची संतती तिच्याबरोबर सरकते. चढउतार होणाऱ्या जलाशयांत तिलापिया का टिकतो व फोफावतो, याचे एक कारण येथे सापडते. मरळ हा मासा हवेतील प्राणवायू घेऊ शकत असल्याने चिखलाळ, उथळ पाण्यातही तग धरतो. तात्पर्य, उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी जितके अधिक खालावते तितकी काटक जातींची सरशी होते व नदीत वाढणाऱ्या मूळच्या जाती मागे पडतात.

६. जाळ्यातील मासे व पाण्यातील मासे

वसंतात मासे अधिक मिळतात हा मच्छीमारांचा अनुभव खरा आहे. त्याचे स्पष्टीकरण भूमितीत आहे. एखादा जलाशय उलट्या शंकूच्या आकाराचा आहे असे मानले, तर पाण्याची खोली निम्मी झाल्यावर पृष्ठभाग एक-चतुर्थांश व पाण्याचे एकूण आकारमान एक-अष्टमांश उरते. माशांची संख्या तेवढीच राहिली, तरी त्यांची दाटी आठपट होते. तेच जाळे, तेवढेच श्रम, परंतु मासे कितीतरी अधिक, असा अनुभव येतो. जलाशयातील साठा मात्र वाढलेला नसतो. तो सापडणे केवळ सोपे झालेले असते.

या भेदाकडे दुर्लक्ष झाले की दोन चुका संभवतात. पहिली, साठा मुबलक आहे असे समजून लहान आसाच्या जाळ्यांनी पिल्लांसह सर्व मासे काढले जातात. दुसरी, उरलेल्या डोहात कमी श्रमात अधिक मासे मिळावेत म्हणून विष वा स्फोटके वापरण्याचा मोह होतो. या दोन्ही प्रकारांना १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमानेच गुन्हा ठरवले होते. विषाने डोहातील मासे मरतातच, शिवाय त्यांचे अन्न असलेले कीटक, गोगलगाई व झिंगेही नष्ट होतात. त्यामुळे पुढील वर्षी पूर आला तरी तो डोह लवकर सावरत नाही.

७. मच्छीमारांचे हित व शक्य उपाय

खानदेशात भोई, कोळी, कहार व भिल्ल समाजांतील अनेक कुटुंबे गोड्या पाण्यातील मासेमारीवर पूर्णतः वा अंशतः अवलंबून आहेत. रब्बीची कामे संपल्यानंतर पावसाळ्यापर्यंत मजुरी कमी असते. तेव्हा मासळी हाच हाताशी असलेला पैसा असतो. जलाशयांचा ठेका घेणाऱ्या मत्स्यव्यवसाय सहकारी संस्था स्वखर्चाने बोटुकली सोडतात व उन्हाळ्यापूर्वी ते मासे काढणे हा त्यांचा हक्क असतो. म्हणून वसंतात सरसकट बंदी घालावी, असे म्हणणे व्यवहार्य नाही व न्याय्यही नाही. पाण्याच्या स्वरूपानुसार वेगवेगळा विचार करणे अधिक युक्त ठरेल.

(१) मे महिन्यापर्यंत पूर्ण आटणाऱ्या लहान तलावांत मासे राखून काही साध्य होत नाही. तेथे फेब्रुवारी-मार्चमध्येच, मासे सशक्त असताना, टप्प्याटप्प्याने संपूर्ण काढणी करणे हिताचे असते.

(२) बारमाही जलाशयांत मोठ्या आसाची जाळी वापरून लहान मासे सोडावेत व सर्वांत खोल भागाचा काही हिस्सा मार्च ते पावसाळा अखेरपर्यंत राखीव ठेवावा. संस्थेने स्वतः ठरवलेला व पाळलेला असा नियम बाहेरून लादलेल्या नियमापेक्षा अधिक टिकतो.

(३) नदीतील खोल व सावलीचे डोह गावनिहाय नोंदवावेत. वाळूउपशाने पात्राची नैसर्गिक रचना बिघडते, काठ ढासळतात व डोहांचे स्वरूप पालटते. त्यामुळे डोहांची नोंद ही उपशाच्या परवानगीच्या विचारातही उपयोगी पडू शकते.

(४) आवर्तनाचे पाणी एकदम बंद न करता शेवटच्या टप्प्यात हळूहळू कमी केल्यास माशांना खोल पाण्याकडे परतण्यास अवधी मिळतो. सिंचन व पिण्याच्या पाण्याच्या वाटपात फारसा बदल न करताही हे साधता येण्यासारखे आहे.

(५) ज्या जलाशयांत सायप्रिनस आहे तेथे काठालगत नारळाच्या काथ्याचे वा पाणवनस्पतींचे तरंगते जुडगे सोडल्यास अंडी त्यांना चिकटतात व पाणी खाली गेले तरी जुडगे पाण्याबरोबर उतरतात. मत्स्यबीज केंद्रांत अशीच युक्ती वापरली जाते.

यांबरोबरच निरीक्षणाची जोड आवश्यक आहे. साधा तापमापक, पाण्याची पारदर्शकता मोजणारी वीस सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी सेची चकती आणि विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत एवढ्या साधनांवर महाविद्यालयातील प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र विभागांना आपल्या परिसरातील एखाद्या जलाशयाची फेब्रुवारी ते जूनपर्यंतची साप्ताहिक नोंद ठेवता येईल. पहाटे व दुपारी अशी दोनदा नोंद घेतल्यास प्राणवायूचे दैनंदिन चक्र स्पष्ट होईल. भूगोल विभागाने पाण्याच्या पातळीची व अर्थशास्त्र विभागाने मासळीच्या आवकेची नोंद जोडल्यास ‘अधिक मासळी म्हणजे अधिक मासे’ हा समज तपासून पाहता येईल. मच्छीमारांजवळ असलेले डोहांचे, वाऱ्याचे व माशांच्या हालचालींचे पिढ्यानपिढ्यांचे ज्ञान या नोंदींना दिशा देऊ शकते. ते लिखित स्वरूपात आणणे हेही तितकेच महत्त्वाचे कार्य आहे.

समारोप

१० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रात तयार होऊ लागले व जलाशयांतील उत्पादन नैसर्गिक प्रजननावर पूर्णपणे अवलंबून राहिले नाही. हे यश मोठे आहे, परंतु त्यामुळे नदीतील मासा आपोआप टिकतो असे नाही. केंद्रात कटला, रोहू व मृगळ यांची पिल्ले तयार होतात. वाम, शिंगाळा, महाशीर व नदीतील असंख्य लहान मासे मात्र अजूनही उन्हाळा ओलांडणाऱ्या डोहांवरच विसंबून आहेत.

वसंताचा आरंभ थंड प्रदेशात मासेमारीचे दार उघडतो, कारण तेथे पाणी वाढत असते व प्रजनन संपलेले असते. खानदेशात पाणी घटत असते व प्रजनन पुढे असते. मृगाच्या सरी येतात तेव्हा तापी, गिरणा, पांझरा व अनेर यांच्या पुरात अंडी घालण्यासाठी उन्हाळा काढलेले मासे शिल्लक असावे लागतात. ते किती असतील हे फाल्गुन-चैत्रात काय काढले व काय राखले यावर ठरते. मच्छीमाराची आजची मिळकत व त्याची पुढील वर्षाची मिळकत यांचा समतोल साधण्याची वेळ म्हणून खानदेशातील वसंतारंभाकडे पाहिले जाणे आवश्यक आहे.